इथे शॉक बसतो

मुहर्रकच्या मागच्या गल्लीत दुर्रखान बलुच
सगळं किलोवर विकतो.
मी गेलो होतो फॅनची एक मोटर शोधायला.
गोणपाटाखाली डायल दिसला, पिवळा पडलेला,
आणि मी लगेच दुसरीकडे बघायला लागलो
(त्याला माझ्या डोळ्यांतलं कळलं असतं तर भाव चढला असता).
एकवीस किलो भरला.
त्याने लोखंडाचा दर लावला, वर चहा पाजला.

नाव नाही. पाटी कुणीतरी उचकटलेली,
राहिली चार रिवेटांची भोकं.
काचेच्या आत मीठ. स्पीकरच्या जागी वाळू,
वाळूत एक मेलेली पाल, कागदासारखी हलकी.
अबू जासिम, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.
"असा मी आणखी एकच पाहिलाय," म्हणाले,
"तो बोटीसकट बुडाला."
मग आत जाऊन दोन व्हॉल्व घेऊन आले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
शेजारणीला अंडी द्यावीत तसे.

मी एसीचा मेकॅनिक. कपॅसिटर मला नवे नाहीत,
पण हे मेणाचे, घाम फुटलेले,
माझ्या वडिलांच्या वयाचे.
एकेक कापून काढला.
डायलची दोरी तुटलेली, तिथे घातला
मासेमारीच्या दुकानातला तंगूस, पन्नास पौंडी.
अन्वर परकार वरच्या खाटेवरून म्हणाला,
"एवढ्यात दापोलीला फ्रीज गेला असता."
खरं होतं. मी सोल्डर वितळवत राहिलो.

आणि एका शुक्रवारी, ट्रान्सफॉर्मरच्या पोटाशी,
धूळ ओल्या फडक्याने पुसली तेव्हा
पत्र्यावर पेन्सिलीने:
इथे शॉक बसतो.
मराठीत.
श ची गाठ आपल्या शाळेत घालतात तशी.
सही नाही, साल नाही.

कोण रे तू?
ह्या बेटावर तुझी सूचना वाचणार कोण होतं?
स्वतःसाठीच लिहिलीस का, विसरभोळा होतास का?
मला तर वाचता आली.
वाचूनसुद्धा बसला, दुसऱ्याच रात्री, कोपरापर्यंत.
हात झटकत मी एकटाच हसलो,
मग पेन्सिल शोधली
आणि खाली लिहिलं: अजूनही.

साठचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू केला.
बल्ब आधी भडकला, मग हळूहळू मंद झाला,
म्हणजे आत सगळं ठीक.
तापलेल्या धुळीचा वास खोलीभर.
व्हॉल्व लालसर झाले, एक जरा उशिरा.
आणि ऐकू आलं काय? खरखर.
डायलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
खरखर, घरघर, करकर.
दिवसभर गच्च्यांवर चढून मी जी यंत्रं जगवतो
तीच रात्री माझ्या कानात येऊन बसलेली.
काहींचा तर आवाज ओळखीचा:
हा बेकरीवाल्याचा, बेअरिंग जाणार आहे.

ऑगस्ट, सप्टेंबर. ऑक्टोबर तर संपेचना.
डिसेंबरात गल्लीतले एसी एकामागून एक झोपले.
ओव्हरटाइम बंद, पाकीट हलकं,
घरी फोनवर थोडं खोटं बोललो.
पण दोनच्या सुमाराला डायलवर
एवढी शांतता, की सुई पडली असती तर
कुठल्या मीटरवर पडली तेही सांगता आलं असतं.
मग त्या शांततेत कुणीतरी बोट टेकवलं.
डा डी डा डी. डा डा डी डा.
अबू जासिमांनी टेबलावर ठोकून शिकवलेलं
तेवढंच माझं भांडवल. अर्धं निसटत होतं,
पण सुरुवातीची अक्षरं सापडली, व्ही यू,
म्हणजे आपल्याकडचा, किनाऱ्यापलीकडचा,
जागाच आहे अजून, बोलवतोय कुणालाही.

मला उत्तर देता येत नाही.
ह्या पेटीला कान आहेत, तोंड नाही,
आणि तोंडाला इथे परवाना लागतो.

अन्वर कुशीवर वळला. "काय म्हणतोय?"
"थंडी आहे म्हणतोय."
"कुठे?"
मी डायल केसभर सरकवला, परत आणला.
तंगूस किंचित कुरकुरला.


"थांब," म्हटलं, "ऐकतोय."